गच्ची एक, घराणी अनेक

सोसायटीच्या गच्चीवर योगवर्ग सुरू करायचा, यावर एका मीटिंगमध्ये एकमत झालं. कुठला योग, यावर दिवाळीपासून बैठका चालू आहेत.

पुण्यातली सोसायटी, म्हणजे अय्यंगार गटाचं बहुमत असणारच. ही मंडळी त्रिकोणासनात उभी राहिली की टाचा, गुडघे आणि खांदे जागेवर येईपर्यंत दूधवाला येऊन जातो. त्यांनी सामानाची यादी दिली : लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, ब्लँकेटं, शिवाय भिंतीत हूक ठोकून दोर. खजिनदारांनी चष्मा सारखा करून विचारलं, "व्यायाम करायचाय की मंडप घालायचाय?" ताठरलेल्या, आजारी माणसालाही आसन जमावं म्हणून हे सगळं असतं, हे उत्तर खरं असलं तरी ते बजेटमध्ये बसेना.

दुसरा गट आयटीतल्या अष्टांगवाल्यांचा. यांना थांबणं मंजूर नाही. श्वासागणिक हालचाल, क्रम ठरलेला, चटई घामाने चिंब. अमावास्या-पौर्णिमेला मात्र सुट्टी. आईने सांगितलेली अमावास्या ज्यांनी जन्मात पाळली नाही, ते ही अमावास्या इमानेइतबारे पाळतात.

आणि या दोन्ही गटांचं मूळ एकाच अंगणात! बी. के. एस. अय्यंगार आणि पट्टाभि जोइस, दोघेही म्हैसूरच्या कृष्णम्माचार्यांचे शिष्य. अय्यंगार तर मेव्हणेच. एकाचे अनुयायी सांगतात थांबा, दुसऱ्याचे सांगतात थांबू नका. भाऊबंदकीला आपल्याकडे शेतजमीनच लागते असं नाही.

ज्येष्ठांचं म्हणणं, हे सगळं सोडा, सूर्यनमस्कार घाला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते घराघरांत पोचवले, आम्ही शाळेत घातले, आम्हाला काय झालंय? (मणक्याचं ऑपरेशन झालंय; पण तो विषय वेगळा.) त्यावर मुंबईहून आलेल्या एका जावयांनी माहिती पुरवली, की 1918 मध्ये योग इन्स्टिट्यूट काढणाऱ्या श्रीयोगेंद्रांना सूर्यनमस्कार योगात घालणंच मान्य नव्हतं. जावई असल्यामुळे त्यांना कोणी काही बोललं नाही. लोणावळ्याला कैवल्यधामात राहून आलेल्या काकू या वादात पडत नाहीत. त्या फक्त जलनेतीचं भांडं घेऊन मीटिंगला येतात.

कॅलिफोर्नियाहून सुट्टीवर आलेल्या सूनबाईंनी गरम योग सुचवला. खोली चाळीस अंशांपर्यंत तापवायची, दीड तासात सव्वीस आसनं. त्या क्रमावर बिक्रम चौधुरींनी कॉपीराइटही सांगितला होता; अमेरिकेतल्या अपील कोर्टाने 2015 मध्ये तो फेटाळला. अकोल्याचे भाडेकरू म्हणाले, "आमच्याकडे मे महिन्यात हा वर्ग फुकट असतो." पाठीवर शेळीचं करडू घेऊन करायच्या योगाचा विषय सचिवांनी पटलावरच येऊ दिला नाही. पाळीव प्राण्यांबाबतचा ठराव अजून प्रलंबित आहे.

शेवटी कुणीतरी पतंजलींनाच विचारू म्हणालं. सूत्रं जवळपास दोनशे, त्यांतली आसनांवर जेमतेम तीन, आणि आसनाचं नाव एकही नाही. बसणं स्थिर आणि सुखाचं असावं, एवढीच मुख्य अट! हे ऐकून तळमजल्यावरचे काका पहिल्यांदाच बोलले. वर्तमानपत्र तोंडावर घेऊन दुपारी आपण जे करतो ते दोन्ही अटींत बसतं, सबब आपल्या शैलीलाही गच्चीवर जागा मिळावी, असा लेखी अर्ज त्यांनी दिला आणि स्वतःची खुर्ची वर नेऊन ठेवली.

काल अय्यंगार गट त्यांच्याकडे गेला होता. खुर्चीची पाठ काढून मिळेल का, असं विचारत होता.