राक्षसांचा गोपनीय कारभारी

तालुक्याच्या गावातील मानवी नमुन्यांची यादी करू गेल्यास सोसायटीचा चेअरमन, लग्ने जुळवणारा मध्यस्थ आणि एसटी स्टँडवरचा राजकीय भाष्यकार यांच्या पंगतीला आता ऑनलाइन भूमिकाखेळाचा सूत्रधारही बसवावा लागेल. भूमिकाखेळ म्हणजे चार-पाच जणांनी मिळून रचलेली कथा. तिच्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राचा कारभार पाहतो, पात्राच्या यशापयशाचा निवाडा बहुधा वीस बाजूंच्या फाशावर सोपवला जातो, आणि उरलेले सारे जग, म्हणजे हवामान, सराईचा मालक, दरोडेखोर आणि अर्थातच राक्षस, सूत्रधार एकटा चालवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा आद्य खेळ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात सूत्रधाराला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात, खेळाडू त्याचे ‘डीएम’ करतात, आणि बोदवडला पोहोचेपर्यंत त्याचा ‘डीएम भो’ झालेला असतो.

हा नमुना बोदवडला रुजावा यात एक मौज आहे. भुसावळ-बडनेरा लोहमार्गावरील या गावी उतरलेला अनोळखी माणूस स्टेशनपासून बाजारापर्यंत अनोळखी राहू शकत नाही. ‘कोनाचा रे तू?’ या एका प्रश्नातून त्याचे गाव, आडनाव, मामाचे शेत आणि त्या शेतातला कापूस इतके सारे बाहेर पडते. त्यातून डीएमचा दिवसाचा व्यवसाय बहुधा ऑनलाइन अर्ज भरून देण्याचा असल्याने दाखला, सातबारा आणि आधारकार्ड यांच्या आधारे लोकांची ओळख सिद्ध करण्यात त्याचे दहा तास जातात. रात्री दुकानाचे शटर ओढले, की हाच गृहस्थ संगणकापुढे बसतो आणि पुणे, जळगाव व न्यू जर्सी येथील खेळाडूंपासून राक्षसांची ओळख लपवण्याच्या विरुद्ध उद्योगाला लागतो.

ही लपवाछपवी अकारण नसते. खेळाडूला ठाऊक असलेली, परंतु त्याच्या पात्राला ठाऊक असण्याचे काही कारण नसलेली माहिती वापरून खेळणे याला या मंडळींत ‘मेटागेमिंग’ म्हणतात, आणि डीएमच्या नीतिशास्त्रात त्याहून मोठे पाप नाही. ‘ट्रोल’ नावाच्या राक्षसाची जखम आपोआप भरून येते, मात्र आग किंवा आम्ल लागले तर ती भरणे थांबते. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतील साधारण ट्रोलच्या अंगी 84 जीवनांक असतात आणि दर फेरीला त्यांत 10 परत मिळतात. हे गणित पाठ असलेला खेळाडू ‘ट्रोल’ हे नाव ऐकताक्षणी मशाल पेटवतो, आणि ज्याच्या पात्राने आयुष्यात मेंढ्यांखेरीज काही पाहिलेले नाही त्याच्या हाती ती मशाल नेमकी कशी आली, याचे उत्तर ‘अंधार पडला होता भो’ एवढेच मिळते.

समोरासमोर बसून खेळताना डीएमपुढे पुठ्ठ्याचा पडदा असतो आणि त्यामागे पुस्तक उघडे ठेवले तरी भागते. ऑनलाइन खेळात मात्र पडदाच चुगलखोर निघतो. 2012 साली आलेले ‘रोल ट्वेंटी’ किंवा 2020 साली आलेले ‘फाउंड्री’ यांसारख्या आभासी पटांवर प्रत्येक राक्षसासाठी ‘टोकन’ म्हणजे एक गोल सचित्र सोंगटी ठेवलेली असते, आणि सोंगटीखालची नावाची पट्टी, कोणाची पाळी केव्हा हे दाखवणारी यादी, तसेच ‘ट्रोल : पंजाचा वार’ असे प्रामाणिकपणे छापणारी फाशांची नोंदवही या तिन्ही वाटांनी नाव फुटू शकते. डीएम पट्टी बंद करतो, फासे गुपचूप टाकण्याची सोय वापरतो, यादीत ‘हिरवट उंच काहीतरी’ असे लिहितो, आणि इतका बंदोबस्त झाल्यावर जे चित्र सर्वांना पाठवतो त्या फाइलचे नाव ‘ट्रोल फायनल 2’ असे राहून जाते.

या अनुभवातून शहाणा झालेला डीएम दुसऱ्या टोकाला जातो आणि ‘अनामिक प्राणी 1’ पासून ‘अनामिक प्राणी 7’ पर्यंत सर्वांना समान नागरिकत्व बहाल करतो. परिणामी ऐन लढाईत यांपैकी कोणाला आग बाधते आणि कोणाचे वार विषारी आहेत हे त्यालाच आठवत नाही. तो ‘एक मिनिट’ म्हणून वही चाळू लागतो, त्याच मिनिटात बोदवडची लाइट जाते, आणि इन्व्हर्टर नसलेल्या घरातील हे मौन खेळाडू फार मोठ्या संकटाची पूर्वसूचना समजतात. आतून आईची ‘भाकर थंडी होऊन राह्यली’ ही घोषणा उघड्या माइकवरून न्यू जर्सीपर्यंत पोहोचते तेव्हाही एखादा भाबडा खेळाडू तिचा संबंध कथानकाशी लावतो.

नाव उघड सांगूनही ओळख लपते असा या खेळातला बहुधा एकच प्राणी आहे, आणि तो म्हणजे खुद्द राक्षस. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या राक्षसकोशात भारतातून नेलेला हा प्राणी वाघाच्या डोक्याचा, भपकेबाज पोशाखाचा आणि हवे ते रूप भासवणारा असा रंगवलेला असून पुढे त्याचे तळहातही उलटे ठरले. बकासुराच्या गोष्टीवर वाढलेला मराठी खेळाडू ‘राक्षस’ म्हटल्यावर गाडाभर अन्नाची तजवीज करू लागतो, आणि दोन सत्रांपासून सोबत चालणारा सभ्य कारकूनच तो राक्षस होता हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

परंपरेचा कौल घेतला तर डीएमच्या चिंतेला फारसा आधार मिळत नाही. वाल्मीकिरामायणात लक्ष्मण सुवर्णमृग दिसताच हा मारीच असल्याचे सांगून टाकतो, म्हणजे आजच्या भाषेत सोंगटीवरची पट्टी वाचून दाखवतो, आणि तरीही राम त्यामागे जातो व कथेचे काही अडत नाही. जळगाव जिल्ह्यातील एरंडोल हीच महाभारतातील एकचक्रानगरी आणि जवळच्या पद्मालयाच्या परिसरात भीमाने बकासुराला मारले, अशी लोकश्रद्धा आहे. त्या प्रसंगात राक्षसाचे नाव, पत्ता आणि आहार ही सर्व माहिती गावाला तोंडपाठ होती, अज्ञातवासात होता तो ब्राह्मणवेषातला भीम, आणि कोणाशी गाठ आहे हे न कळल्याने दगावला तो राक्षस. खानदेशातील सर्वांत गाजलेल्या राक्षसयुद्धात गोपनीयतेचे काम खेळाडूंनीच पार पाडले होते, हे डीएमच्या ध्यानात येत नाही.

आजही ते काम खेळाडूच पार पाडतात. ‘फाइलचे नाव वाचले’ असे मुरलेला खेळाडू कधीच म्हणत नाही. तो दोन फेऱ्या तलवारीने व्यर्थ वार करतो, ‘अरे, याची जखम भरते कशी?’ असा चकित स्वर लावतो, आणि तिसऱ्या फेरीत मशाल चुकून हातातून पडल्यासारखी टाकतो. दारी आलेला फौजदार हा बहुरूपी आहे हे ओळखूनही घरधनी त्याच्या वॉरंटाला घाबरल्याचे दाखवतो आणि हसत पैसे देतो, त्याच जातीचे हे सौजन्य आहे. डीएमला मात्र आपला बंदोबस्त अखेर पक्का झाल्याची खात्री पटते आणि पुढील शनिवारच्या खेळासाठी तो नव्या उत्साहाने ‘अनामिक प्राणी 8’ ची सोंगटी तयार करतो, जिच्या चित्राच्या कोपऱ्यात मूळ राक्षसकोशाचा पृष्ठक्रमांक स्पष्ट वाचता येतो.