काटा वर, जीव टांगणीला

घोडेगावचा शुक्रवार म्हशींचा. जनावरांच्या बाजारात गिऱ्हाईक म्हशीभोवती दोन चकरा मारतं, कास चाचपतं, कानाला हात लावून बघतं आणि मग तोंड वाकडं करून किंमत पाडायला लागतं. कान तापलेला लागला, की सौदा तिथंच थंड. जुन्या मोटारीला असा कान नसतो. तिचा ताप सांगायला इंजिनाच्या पाण्यात टोक बुडवून एक पितळी बोंड बसलेलं असतं. त्याला सेन्सर म्हणायचं.

त्याचं काम तसं साधं. थंड असताना ते विजेला अडवतं, तापलं की वाट मोकळी करतं. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास असलेला विरोध ८० अंशांना तीनशेच्या घरात येतो. त्याच हिशेबानं समोरचा काटा ‘सी’कडून ‘एच’कडं सरकतो. इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक सेन्सर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवायला मदत करतो आणि पुष्कळ गाड्यांत रेडिएटरच्या पंख्याचा स्विच निराळा. एकाच तापाचे तीन साक्षीदार, तिघांची जबानी वेगळी.

काटा वर चढला, की रस्त्याकडेचा प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो. शनिशिंगणापूरचा फाटा इथंच असल्यानं साडेसातीचं निदान तर फुकटात मिळतं. शनीला तेल वाहायला शंभर कोसांवरून आलेली मंडळी इंजिनातलं तेल आणि पाणी मात्र घरून निघताना बघत नाहीत. त्यातच कुणीतरी सांगतो, ‘‘थर्मोस्टॅट काढून टाका काका, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?’’ वास्तविक तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो तो इंजिन लवकर कामाच्या उष्णतेला यावं म्हणून. काढून टाकला तर काटा खाली राहतो, मालक खूश होतो आणि अर्धवट तापलेलं इंजिन जास्तीचं पेट्रोल पीत बसतं.

खरं भ्यायचं ते खाली पडलेल्या काट्याला. पाणी गळून गेलं, की सेन्सरचं टोक उघडं पडतं. मग खाली इंजिन भाजत असतं आणि वर काटा निवांत. हेड गॅस्केट उडेपर्यंत सगळं आलबेल.

म्हणून जाणता मेस्त्री आधी पाण्याची पातळी बघतो, मग वायर. एका वायरीचा सेन्सर असेल तर चावी फिरवून वायर काढतो. काटा तळाला जातो. तीच वायर क्षणभर इंजिनाला टेकवतो. काटा टोकाला धावतो. म्हणजे मीटर आणि वायर ठीक, दोष बोंडात. काटा हललाच नाही, तर बोंड बिचारं निर्दोष. कित्येकदा टोकावरचा हिरवट गंज पॉलिश पेपरनं घासला की काम भागतं.

बदलायचंच झालं तर इंजिन पुरतं गार हवं. गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याला आतली वाफ सोडत नाही. नवा सेन्सर हाताशी ठेवायचा, जुना सोडवला की भोकावर अंगठा दाबायचा, तरीही थोडं कूलंट मनगटावरून कोपरापर्यंत येणारच. नवा बसवताना आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायचा मोह आवरायचा, कारण एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. पान्ह्याला फार जोर लावायचा नाही. शेवटी कूलंट भरून अडकलेली हवा काढायची.

हल्लीच्या कित्येक गाड्यांत काटाच नसतो, नुसता दिवा. जिथं काटा आहे तिथंही पुष्कळदा तो मुद्दाम मधोमध थांबवलेला असतो; आत दहा-वीस अंशांची चढउतार झाली तरी ढिम्म हलत नाही. उगाच मालकाचा जीव वरखाली नको. १९८३ च्या डिसेंबरात आलेली आणि २०१४ च्या जानेवारीत बंद झालेली मारुती ८०० अजून ज्यांच्या दारात आहे, त्यांना हे लाड ठाऊक नाहीत. तिचा काटा चढ दिसला की बोलायला लागतो.

घोडेगावहून नगरकडं निघालं, की पांढरीपुलाची भेळ संपते न संपते तोच इमामपूरचा घाट येतो. मे महिना, भर दुपार, काटा वर. अशा वेळी जुन्या गाडीवाल्याकडं एक शास्त्रशुद्ध उपाय असतो. एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण जोरात सोडायचा. इंजिनाची उष्णता आत येते, काटा हळूहळू उतरतो. ताप कुठं नाहीसा होत नाही, कुणाला तरी घ्यावाच लागतो. इथं तो मागच्या सीटवरची मंडळी घेतात. घाटात काचा उतरवलेली, आत घामानं निथळणारी चार माणसं आणि पुढं समाधानानं काट्याकडं बघणारा चालक दिसला, तर मदतीला थांबू नये. गाडीची तब्येत उत्तम आहे. बिघडलंय ते घरातलं वातावरण.