सरदार कोरावा कसा? परभणीच्या नवशिक्यांसाठी

आधी ज्याचं चित्र कोरायचं तो धनी गाठा. सतराव्या शतकातल्या युरोपात उमराव आणि बिशप मिळत; वसमत रोडवर ‘भावी नगरसेवक’ मिळेल. उधारीचं बोलला, तर पुढचं वाचू नका.

गुळगुळीत घासलेला तांब्याचा पत्रा घ्या. फ्लेक्सवाल्याकडे तो नसतो. टोकदार पोलादी हत्याराची मूठ तळहातात बसवून ते पुढे ढकलायचं. वळण घेताना हात नाही, पत्रा फिरवायचा. म्हणून त्याखाली वाळू भरलेली चामड्याची गादी असते. रेघ खोल गेली की काळोख, उथळ राहिली की गाल. कडेला उठलेला कीस खरवडा, नाहीतर साहेबांना भलत्याच जागी मिशी फुटेल. मग शाई भरा, पत्रा पुसा आणि ओलसर कागदासह रुळांतून काढा. छाप उलटी पडते. नाव उलटं कोरलं नाहीत, तर साहेब आरशात वाचावे लागतील.

चेहऱ्यात घाई नको. फ्रान्सच्या क्लोद मेलांने १६४९मध्ये नाकाच्या शेंड्यापासून एकच रेघ गोल गोल फिरवत ख्रिस्ताचा अख्खा चेहरा उभा केला. तुम्ही त्या फंदात पडू नका. साहेबांच्या नाकावरच शाई संपायची.

भोवती लंबगोल चौकट, खानदानी चिन्ह, खाली सगळे किताब. तळाशी चित्रकाराचं आणि कोरणाऱ्याचं नाव. आपल्याकडे त्या जागेवर ‘शुभेच्छुक’ बसतात, गॉगलसकट.

नाव मात्र तपासून घ्या. इब्राहिम खानाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून वर्षानुवर्षं छापलं गेलं. इतिहासकार वा. सी. बेंद्रे यांनी ती चूक दाखवली आणि डच लेखक व्हॅलेंटाइनकडचं महाराजांचं चित्र १९३३मध्ये लोकांपुढे आणलं. व्हॅलेंटाइनच्या १७२४ ते १७२६ दरम्यान निघालेल्या ग्रंथातही महाराजांचं कोरीव चित्र आहे. भिंतीवरच्या तसबिरीला हार घालताना हे आठवायला हरकत नाही.

पत्रा फेकू नका. प्येर लोंबारने घोडेस्वाराचा एक पत्रा कोरला होता. त्यावर इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलचं डोकं होतं. ते खरवडून फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं बसवलं, पुढे इंग्लंडच्या चार्ल्स राजाचंही आलं. घोडा तोच, चिलखत तेच. फ्लेक्सवर याच्या उलट करायचं: साहेबांचं डोकं हलवायचं नाही, पक्ष बदलला की वरच्या गोलांतले पुढारी बदलायचे. फाइल जपून ठेवा, पुढच्या वेळी दर निम्मा लावता येतो.