मीटरमधला काळोख

मोटारीच्या मीटरमधले जुने बल्ब काढून तिथे एलईडी बसवणे हे वीस मिनिटांचे काम आहे, असे ते कधीच न केलेले लोक सांगतात. मीटर म्हणजे गॅरेजच्या भाषेत डॅशबोर्डवरचे सगळे काटे आणि सूचक दिवे मिळून होणारे एकत्र कुटुंब: वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, पाण्याच्या तापमानाचा काटा आणि चार्जिंग, ऑइल, डिपर, साइड सिग्नल यांचे बारके रंगीत डोळे. गाडी प्रीमियर पद्मिनी असेल आणि ती महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या पडवीत उभी असेल, तर या कामाला अख्खा रविवार लागतो. त्यातली सकाळ आत हात जात नाही एवढे समजण्यात जाते.

पद्मिनी मूळची कुर्ल्याची. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात आधी फियाट ११००, मग त्याच अंगाची प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी अशी तिची बारशी होत गेली. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि टॅक्सीसाठी ठरवलेली वीस वर्षे भरल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, नोकरीतून सुटली. खासगी पद्मिनींना असे सक्तीचे निवृत्तीचे वय नव्हते. त्यांतल्या काही चाकरमान्यांबरोबर गणपतीला गावी आल्या आणि त्यांची परतीची तारीख मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासारखी पुढे पुढे जात राहिली.

अशा गाडीच्या मीटरमध्ये रात्री जे काही पडते त्याला उजेड म्हणण्याची नुसती पद्धत आहे. काटा कुठे आहे हे कळत नाही, तो आहे एवढा विश्वास मात्र बसतो. दोष बल्बच्या माथी मारला जातो, पण तो एकटा गुन्हेगार नसतो. तापलेल्या तारेतून उडालेले टंगस्टन वर्षानुवर्षे काचेला आतून बसते, त्याने बल्ब काळवंडतो. मीटरच्या डब्याला आतून दिलेला पांढरा रंग उजेड परतवण्यासाठी असतो. चाळीस वर्षांत तो चहाच्या गाळणीसारखा होतो. आणि सगळ्यांत मोठी भानगड अर्थिंगची. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने पापड, काडेपेटी आणि पाहुणे जसे सादळतात तसेच बल्बच्या होल्डरचे पत्रेही सादळतात आणि त्यांच्यावर गंज धरतो. मग बॅटरीकडून निघालेले १२ व्होल्ट बल्बपर्यंत दहाच पोचतात. दोन व्होल्टची ही गळती किरकोळ वाटते, पण तारेच्या बल्बचा उजेड तेवढ्यानेच जवळपास निम्म्यावर येतो.

म्हणून जाणता वायरमन आधी होल्डरला पॉलिश पेपर मारतो, डब्याला आतून पांढऱ्या रंगाचा एक हात देतो आणि तोच बल्ब पुसून परत लावतो. एवढ्याने बरेचदा काम भागते. हे मालकाला सांगणारा वायरमन विरळा, आणि ऐकणारा मालक त्याहून विरळा, कारण तोवर एलईडीची पुडी खिशात आलेली असते.

पुडीचे समर्थन विजेच्या बचतीने करण्याची रीत आहे. हिशेब असा: मीटरमधले तीन-तीन वॅटचे चार बल्ब मिळून एक अँपियर घेतात, अर्ध्या-अर्ध्या वॅटचे एलईडी त्याच्या सहाव्या भागात भागवतात. वाचले बारातले दहा वॅट. पुढचे दोन हेडलाइट त्याच वेळी शंभराच्या आसपास वॅट खात असतात, हे या हिशेबात धरायचे नसते. गंमत म्हणजे अशा बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरच्या गणपतीमागची चक्री कधीच एलईडीची झालेली असते. देवाने तंत्रज्ञान आधी स्वीकारले. काटे मागे राहिले.

कामाची सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्यापासून करावी. ही पायरी गाळणाऱ्यांना डॅशबोर्डखाली ठिणगी दिसते आणि मग पायरी आठवते. यानंतर माणसाने उताणे होऊन डोके पेडलांपाशी आणि पाय सीटच्या पाठीवर अशा अवस्थेत आत सरकायचे असते. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असल्यामुळे मध्ये जागा मोकळी आहे, एवढाच दिलासा. बाहेरून फक्त तळपाय दिसतात, त्यामुळे रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबतो आणि "गाडी विकायची हाय काय?" एवढे विचारून जातो. वर पाहावे तर वायरींचे जाळे. त्यांतल्या निम्म्या गाडीच्या असतात. उरलेल्या कोणे एके काळच्या टेपरेकॉर्डरच्या, पंख्याच्या आणि म्युझिकल हॉर्नच्या. या वस्तू गाडी सोडून गेल्या, वायरी राहिल्या.

होल्डर ओढून काढला आणि एलईडी बसवला की तो लागत नाही. यात घाबरण्यासारखे काही नाही. तारेच्या बल्बला वीज कुठूनही आली तरी चालते. एलईडी तिला एकाच दिशेने जाऊ देतो. उलटा करून बसवला की लागतो. सरळ-उलटा दोन्ही चालणारे एलईडीही मिळतात, पण ते दुकानात आहेत हे पहिला संच बसवून झाल्यावर कळते.

रंगाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. आत निळा असतो आणि त्याच्यावर पिवळसर लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. हा निळा साधायला शास्त्रज्ञांची काही दशके गेली आणि त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. जुन्या मीटरपुढची रंगीत काच मात्र तारेच्या पिवळ्या उजेडासाठी निवडलेली होती. तिच्यामागे थंड पांढरा एलईडी लावला की हिरवट मीटर एकदम दवाखान्याच्या पाटीसारखे दिसू लागते. पिवळसर पांढरा घ्यावा. लाल एलईडी हिरव्या काचेमागे लावला तर काहीच दिसत नाही, आणि त्यासाठी एवढा खर्च करायची गरज नसते.

शिवाय तारेचा बल्ब उजेड चहूकडे उधळतो, तर साधा एलईडी नाकासमोर पाहतो. परिणामी वीस ते चाळीस हे आकडे लखलखतात आणि ऐंशीच्या पुढे अमावास्या राहते. अंबेनळी घाटात ऐंशीशी कोणाचा संबंध येत नाही म्हणून हे चालवून घेणारे आहेत. पण बाजूंनीही प्रकाश देणारे बल्ब मिळतात, ते घ्यावेत. ज्या गाड्यांत मीटरचा उजेड कमी-जास्त करण्याची कळ आहे, तिथे ती जुन्या बल्बांचा जास्त प्रवाह गृहीत धरून बनवलेली असते. एलईडी तिला फारशी दाद देत नाहीत.

आता दोन दिवे, ज्यांना हात लावण्यापूर्वी विचार करावा. पहिला चार्जिंगचा लाल दिवा. अनेक अल्टरनेटरांना जागे करणारा सुरुवातीचा प्रवाह याच बल्बातून जातो. तिथे एलईडी लावला तर प्रवाह इतका तुटपुंजा होतो की अल्टरनेटर झोपूनच राहतो आणि बॅटरी उतरत जाते. जोडीला योग्य रेझिस्टर समांतर लावला तर निभते, नाहीतर जुना बल्बच राहू द्यावा. दुसरा साइड सिग्नलचा. काही जुन्या गाड्यांत डाव्या-उजव्या सिग्नलांना मिळून मीटरमध्ये एकच बल्ब असतो आणि तो दोन्ही वायरींच्या मध्ये जोडलेला असतो; एका बाजूची वीज दुसऱ्या बाजूच्या बल्बांतून अर्थ शोधते. एकाच दिशेचा एलईडी तिथे लावला की डावीकडे वळताना मीटर डोळे मिचकावते आणि उजवीकडे वळताना कानाडोळा करते.

चाचणी रात्रीच घ्यावी लागते. पोलादपूरकडून खेडकडे जाताना कशेडीचा नवा बोगदा टाळावा. त्यासाठी जुन्या घाटानेच वर चढावे. पावसाळी धुक्यात डिपर मारून पहिल्या वळणावर नजर मीटरकडे वळते, आणि दिसते ते असे: पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला, वेगाचा काटा तीस आणि पन्नासच्या मध्ये केबलच्या तालावर नाचणारा, आणि साठच्या आकड्याशेजारचा ठिपका, ज्याला इतकी वर्षे छपाईतला दोष समजले गेले, तो एक मेलेला डास. धुक्यात एलईडीचा झोत पुढच्या काचेवर उलटतो, तेव्हा रस्त्याच्या जागी पेट्रोल संपल्याची बातमीच दिसत राहते.

घाट उतरल्यावर मालक वायरमनकडे जाऊन उजेड थोडा कमी करून मागतो. काढलेले जुने बल्ब डब्यात जपून ठेवलेले असतात. त्यांतले दोन पुसून परत बसवले जातात आणि डास तेवढा तिथेच राहतो, कारण काच उघडायची म्हणजे आणखी एक रविवार.