उरलेला अर्धा डबा

दिवाळीच्या रंगकामानंतर घरात दोन गोष्टी हमखास उरतात: वीस लिटरची रिकामी बादली आणि अर्धा डबा ऑइलपेंट. बादलीची चिंता नको, ती दुसऱ्याच दिवशी पाणी भरायला लागते. डबा मात्र ‘टचअपला होईल’ म्हणून माळ्यावर चढतो. टचअपची वेळ येते तेव्हा झाकण स्क्रू ड्रायव्हरलाही दाद देत नाही, आणि निघालंच तर आत रंगावर जाड साय धरलेली असते.

मग आपला पिढीजात उपाय: मोरीत ओता. वरून टर्पेंटाइन सोडा, म्हणजे पाइपही स्वच्छ! पुढचं नदी बघून घेईल. तिला आपण आई म्हणतो ते काय उगाच?

2016च्या घनकचरा नियमांनी रंगाचे टाकाऊ डबे ‘घरगुती घातक कचरा’ ठरवले आणि शहरात दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उभारायला सांगितलं. त्या केंद्राचा पत्ता वॉर्ड ऑफिसात विचारून पाहा. साहेब साइटवर गेलेले असतात.

ते परत येईपर्यंत एवढं करा. डिस्टेंपर, इमल्शन उरलं असेल तर त्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा कालवून, डबा उघडा ठेवून, पोरांच्या हाताला लागणार नाही असा सुकवा. दगड झाला की मगच कचऱ्यात द्या. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन घट्ट झाकण लावून वेगळं द्या. आणि पुढच्या वेळी रंगारी सांगेल त्यापेक्षा एक डबा कमीच आणा. कमी पडला तर दुकान कुठे पळून जात नाही.