विकतची अवकळा

दिवाणखान्याची एक भिंत 'टेक्स्चर' करायची, हे आमच्या घरात बहुमताने ठरलं. म्हणजे बायको आणि मुलगी एकीकडे, मी दुसरीकडे. रंगारी नमुन्यांचं पुस्तक घेऊन आला. एक भिंत स्पंजाने टिपलेली, एकीवर चिंधी फिरवलेली, एकीवर चक्क कंगवा ओढलेला. मुलीने बोट ठेवलं ते शेवटच्या पानावर. पडक्या वाड्याची वाटावी अशी भिंत, पोपडे सुटल्यासारखी, मधूनच हिरवट झाक. दर साध्या रंगाच्या कितीतरी पट. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अशाच भिंतीपायी आमच्या आईने वरच्या मजल्यावरच्यांशी तीन पावसाळे अबोला धरला होता!

तेव्हा भिंतीला फिनिश एकच, चुन्याचं. दिवाळीआधी वडील पत्र्याच्या डब्यात चुनकळी भिजवायचे. पाणी पडताच ती फसफसून वाफा सोडायची आणि आम्ही पोरं दारामागून बघायचो. मग त्यात डिंक, चिमूटभर नीळ. ओला चुना भिंतीवर दिसायचाच नाही. वडिलांनी पाणीच फासलंय असं वाटायचं. वाळता वाळता भिंत उजळायची. पुढे शाळेत कळलं, की चुनखडी भाजून चुनकळी होते आणि भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे वडील दरवर्षी घराला दगडाचा पापुद्रा चढवत होते. तरी टेकलं की पाठ पांढरी व्हायचीच. अभ्यास सोडून कोण भिंतीला टेकून पेंगत होतं, ते आईला शर्टावरून कळायचं.

भिंतीने सोंग घेण्याची हौस तशी जुनीच. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत गिलाव्यालाच उठाव देऊन, रंगवून संगमरवराचे चिरे भासवलेले आहेत. पण तो रोमन गृहस्थ निदान ऐपत फुगवून दाखवत होता. आम्ही पैसे मोजून पडझड दाखवणार होतो.

रंगाऱ्याने पत्रा घेऊन खरवडायला सुरुवात केली. क्रीम रंगाखालून गुलाबी डिस्टेंपर निघालं, त्याखालून निळसर चुना. अर्ध्या तासात भिंत हुबेहूब त्या शेवटच्या पानासारखी दिसायला लागली. मी म्हटलं, "दादा, झालं की! थांबा इथेच."

"काका, लोक मला हसतील," तो म्हणाला आणि पत्रा चालवत राहिला.

गुलाबी थरात, खुर्चीच्या उंचीवर, थाळीएवढा तपकिरी डाग होता. वडील पेपर वाचताना डोकं टेकायचे ती जागा. रंगाऱ्याने त्यावर अंगठा फिरवला. "तेल मुरलंय. ह्यावर रंग धरणार नाही." त्याने पॉलिश पेपर काढला. मी चहा सांगायला आत गेलो.

लांबी भरून, प्रायमर लावून, चार दिवसांनी भिंत नव्याने जुनी झाली. येणारे-जाणारे बोट फिरवून बघतात. मुलीची सक्त ताकीद आहे: कोणी टेकायचं नाही.

परवा दुपारी घरात कोणी नव्हतं. मी पेपर घेतला, खुर्ची भिंतीला लावली. डोक्याला तेल त्या दिवशी जरा जास्तच झालं होतं.