घासाघीस

दगड यंत्रात फिरवून गुळगुळीत करण्याचा छंद सिल्लोडमध्ये अजून रुजलेला नाही. पण रुजलाच, तर पहिला छांदिष्ट कसा असेल हे आजच सांगता येते. तो नवे यंत्र घेणार नाही. दगडांचा तर गावाला तोटा नाही. अजिंठ्याचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, त्याच्या पोकळ्यांत हकीक, गारगोटी आणि नाना स्फटिक पिकलेले, आणि लेण्यांच्या वाटेवर ते विकणारे उभेच. पैठणहून असले दगड भडोच बंदराकडे जात, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात आहे. एवढी दौलत दारात असताना यंत्रासाठी खिशात हात घालणे या गृहस्थाच्या तत्त्वात बसत नाही. त्याची पावले भंगाराच्या दुकानाकडे वळतात, आणि येताना सोबत असते कुणाच्या तरी कूलरची मोटर, रंगाचा रिकामा डबा आणि ‘कार्बोरंडम आहे साहेब, ओरिजिनल’ एवढ्या जन्मदाखल्यावर घेतलेली बिनलेबलची पावडर.

त्याला चिक्कू म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे. जुन्या मोटरीत मुळीच वावगे नाही. फक्त कूलरची मोटर मिनिटाला हजारावर फेरे घेते आणि लहान डब्याला तीस ते साठ पुरतात. वेग फार झाला तर दगड आतल्या भिंतीला चिकटून नुसते प्रदक्षिणा घालतात. लहान-मोठ्या पुल्या लावून वेग उतरवला की काम होते, आणि पुल्याही भंगारातच मिळतात. पावडरीबद्दलही त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. ‘ही काय दूध आहे नासायला?’ हा त्याचा आवडता सवाल. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, आणि ते खरोखरच नासत नाही. वीस वर्षांचे सीलबंद पाकीट नव्याइतकेच चालेल. घोळ वयाचा नाही, ओळखीचा आहे. हे काम जाड पावडरीपासून बारीककडे, टप्प्याटप्प्याने, प्रत्येकी आठवडाभर चालते. शेवटच्या झिलईत साठ नंबरच्या जाड पावडरीचा एक कण शिरला, तरी तो सगळ्या दगडांवर ओरखडे काढून मागल्या तीन आठवड्यांचे श्राद्ध घालतो. बिनलेबलच्या पिशवीत तो कण आहे की नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. डब्याचेही तेच. मऊ प्लास्टिकमध्ये आणि झाकणाच्या खाचेत जुने कण रुतून बसतात, म्हणून झिलईला वेगळा डबा लागतो. हे सांगितले की तो म्हणतो, ‘धुऊन घेतो ना.’

दगड घेतानाही त्याची नजर मालापेक्षा भावावर असते. फुटके स्फटिक ढिगाने स्वस्त मिळतात, मग हकीक, कॅल्साइट आणि अपोफिलाइट एकाच डब्यात. हकीकाचा कठीणपणा सातच्या आसपास, अपोफिलाइटचा पाचच्या आत, कॅल्साइटचा तीन. आठवड्याने हकीक उरतो आणि बाकीच्यांचा चिखल होतो. हा चिखल मोरीत ओतला की सिमेंटसारखा बसतो, आणि घरातला खरा संघर्ष इथून सुरू होतो. पण त्याहून वाईट असते ती त्याची काटकसर. चिखल गच्चीवर वाळवून, चाळून, पावडर परत मिळवायची. ती मिळत नाही, कारण तिचे कण झिजून दगडाच्या भुकटीत मिसळलेले असतात. मिळते ती श्वासात जाणारी धूळ. खंबातच्या हकीक कारागिरांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग झाला तो अशाच कोरड्या धुळीने. इथे मात्र हसू थांबवून त्याचा हात धरायला हवा.

‘मग वाचले काय?’ असा हिशेब घरचे मांडतात. दीडशे वॅट खाणारी मोटर अठ्ठावीस दिवस अखंड फिरली तर साधारण 100 युनिट जळतात, आणि मधे वीज गेली की दिवस वाढतात. वाचवलेले पैसे बहुधा बिलात जातात. तरीही त्याला थांबवू नका. मोटर, पुल्या, पट्टा त्याला खुशाल भंगारातून आणू द्या. पावडर तेवढी लेबल लावलेली, वेगवेगळ्या नंबरांची घ्यायला लावा, आणि चिखल ओला असतानाच जमिनीत पुरायला सांगा. लेण्यांच्या वाटेवर झिलई केलेला हकीक तयार मिळतो, ही बातमी मात्र त्याला तुम्ही देऊ नका.